पर्यावरणपूरक चष्मा घ्यायचा आहे? मग हिरव्या लेबलच्या पलीकडे पाहा

चष्म्याच्या दुकानात पूर्वी दोनच प्रश्न असत. नंबर किती आणि फ्रेम कितीची? आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. ‘ही इको फ्रेम आहे’, ‘ही बायो आहे’, ‘ही समुद्रातल्या प्लास्टिकपासून बनवली आहे’ असे काउंटरमागचा मुलगा सांगतो. काडीच्या आतल्या बाजूला हिरवे पान छापलेले असते. सोबत बांबूची डबी मिळते आणि किंमत अर्थातच जरा चढी असते. घेणाऱ्याला चांगले काम केल्याचे समाधान मिळते, विकणाऱ्याला नफा मिळतो. पण ज्या निसर्गाच्या नावाने हे चालले आहे, त्याच्या पदरात नेमके काय पडते?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. चाळिशी ओलांडली की जवळपास प्रत्येकाला जवळचे वाचायला चष्मा लागतो. मुलांमध्ये दूरचा नंबर वाढतो आहे. म्हणजे प्रत्येक घरात एक-दोन चष्मे असतात आणि कपाटाच्या खणात तीन-चार जुने पडलेले असतात. ते फेकवत नाहीत, वापरवत नाहीत आणि भंगारवालाही घेत नाही.

मुद्द्यात शिरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चष्मा ही चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दृष्टीविषयी पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीची काही ना काही अडचण आहे. त्यातल्या किमान १०० कोटींची अडचण टाळता आली असती किंवा तिच्यावर आजवर इलाज झालेला नाही. या १०० कोटींत ८२ कोटी ६० लाख लोक फक्त चाळिशीचे आहेत, म्हणजे ज्यांचे काम साध्या वाचायच्या चष्म्यावर भागले असते असे. आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तर त्यांची पानतोडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रशुद्ध चाचणीत दिसले. म्हातारी आई सुईत दोरा ओवण्यासाठी शेजारच्या पोराला हाक मारते, तेव्हा तिच्यासाठी चष्म्याचा अर्थ स्वावलंबन असा असतो. त्यामुळे पर्यावरणाच्या नावाखाली कुणी चष्मा घेणे लांबणीवर टाकू नये. पूर्ण चष्म्याचे वजन साधारण २० ते ४० ग्रॅम असते. घरातल्या एका मोबाइलचा किंवा रोजच्या पेट्रोलचा निसर्गावरचा भार त्याहून कितीतरी मोठा आहे. चष्मा घ्यायचाच आहे. तो कोणता घ्यायचा, किती दिवस वापरायचा आणि पैसे कशासाठी मोजायचे, एवढेच ठरवायचे आहे.

काच म्हणतो, पण ती काच नसते

दुकानदार ‘इको’ म्हणतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी फ्रेमबद्दल बोलत असतो. भिंगांबद्दल कुणी बोलत नाही. खरी अडचण मात्र तिथेच आहे.

आपण अजूनही ‘चष्म्याची काच’ म्हणतो, पण आज बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात. त्यातले सर्वांत जुने आणि अजूनही भरपूर वापरले जाणारे प्लास्टिक म्हणजे सीआर-३९. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास ते तयार झाले. ‘कोलंबिया रेझिन’ या मालिकेतला हा ३९ वा नमुना, म्हणून त्याचे नाव सीआर-३९. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी ते वापरले गेले. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न होता. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्मरलाइट या कंपनीने त्याची चष्म्याची भिंगे काढली. काचेच्या जवळजवळ निम्म्या वजनाची आणि पडली तर सहजासहजी न फुटणारी ही भिंगे लोकांना आवडली यात नवल नाही.

पण हे प्लास्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. ओल्या मातीचा गोळा पुन्हा मळता येतो, भट्टीत भाजलेली वीट मात्र मळता येत नाही. सीआर-३९ त्या भाजलेल्या विटेसारखे आहे. तापवले तर ते जळते, वितळून दुसऱ्या वस्तूचा आकार घेत नाही. ‘हाय इंडेक्स’ म्हणून विकली जाणारी पातळ भिंगे, म्हणजे १.६०, १.६७, १.७४ वगैरे, बहुतेक याच जातीच्या प्लास्टिकची असतात. त्यामुळे पुनर्वापराच्या साखळीत भिंगांना जागाच नाही. पॉलिकार्बोनेट हे तिसरे भिंग वितळवता येते, पण त्यावर चढवलेले थर वेगळे काढायचे आणि काही ग्रॅमचे तुकडे गोळा करायचे, हा उद्योग कुणाला परवडत नाही.

दुसरी गोष्ट ग्राहकाला कधी दिसतच नाही. तयार भिंग साधारण साडेसहा-सात सेंटिमीटर व्यासाची गोल चकती असते. तुमच्या फ्रेमच्या आकारात बसवण्यासाठी तिच्या कडा घासून काढतात. प्रोग्रेसिव्ह भिंगात तर जाड चकती घेऊन मागच्या बाजूने तुमचा नंबर कोरून काढावा लागतो आणि चकतीचा मोठा भाग भुसा होऊन पाण्याबरोबर जातो. चांगल्या प्रयोगशाळेत हे पाणी गाळतात आणि गाळ वेगळा करतात. तसे केले नाही तर प्लास्टिकचे ते बारीक कण गटारात जातात. शिवाय दुकानात मांडलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये बिननंबराचे नमुन्याचे प्लास्टिक बसवलेले असते. तुमची भिंगे बसली की ते थेट कचऱ्याच्या डब्यात जाते. म्हणजे तुम्ही चष्मा डोळ्यांवर लावण्याआधीच त्याच्या नावावर बराच कचरा जमा झालेला असतो. फ्रेमवर हिरवे पान छापल्याने हा हिशेब बदलत नाही.

मग खऱ्या काचेकडे परतावे का? काच वाळूपासून बनते, तिच्यावर ओरखडे कमी पडतात आणि ती वर्षानुवर्षे टिकते. लहान गावांतल्या जुन्या दुकानांत ती अजून मिळते. घरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांना तिचे वजन चालत असेल, तर ती वाईट नाही. मात्र लहान मुले, दुचाकी चालवणारे आणि छिन्नी-हातोडा किंवा ग्राइंडरवर काम करणारे यांच्यासाठी काच नकोच. ती फुटली तर डोळ्यात जाते. मुलांसाठी आणि कारागिरांसाठी पॉलिकार्बोनेट हाच योग्य पर्याय आहे. तिथे पर्यावरणाचा विचार दुसऱ्या नंबरवर ठेवावा. ग्राइंडरवाल्याने साध्या चष्म्यावर विसंबू नये, वरून सुरक्षा गॉगल लावावाच.

इथे फ्रेमच्या आकाराचा संबंध येतो. मोठ्या चौकोनी फ्रेमची सध्या फॅशन आहे. मायनस नंबर जास्त असेल तर अशा फ्रेममध्ये भिंगाच्या कडा जाड होतात. मग दुकानदार सांगतो, ‘साहेब, तुम्हाला १.६७ घ्यावी लागेल.’ तोच नंबर लहान, गोलसर फ्रेममध्ये साध्या भिंगातही बरा दिसतो. दोन-तीन नंबरपर्यंत महागडे पातळ भिंग घेण्याची सहसा गरज नसते. लहान फ्रेम निवडली की पैसे वाचतात आणि नाकावरचा भारही कमी होतो.

थरांबद्दल थोडे. ओरखडेरोधक थर हवाच, कारण त्याने भिंग जास्त टिकते. चकाकी कमी करणारा थर रात्री गाडी चालवणाऱ्याला उपयोगी पडतो. ‘ब्लू कट’ मात्र खुशाल नाकारा. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या तपासल्या. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या भिंगांनी कमी होत असल्याचे त्यात दिसून आले नाही.

फ्रेम : शेल, टीआर, धातू आणि बांबू

आपल्याकडे ज्याला ‘शेल फ्रेम’ म्हणतात, त्या नावात एक इतिहास दडलेला आहे. शेल म्हणजे कासवाचे कवच. युरोपात चष्म्याच्या फ्रेमा, कंगवे आणि डब्या खरोखरच समुद्री कासवाच्या कवचापासून बनत. त्यासाठी हॉक्सबिल जातीच्या कासवांची बेसुमार कत्तल झाली. पुढे सेल्युलॉइड आले आणि त्यानंतर सेल्युलोज अॅसिटेट. कासवाच्या पाठीवरचे तपकिरी-पिवळे ठिपके प्लास्टिकमध्ये हुबेहूब उतरवता आले, म्हणून नाव तेच राहिले. प्लास्टिकला आपण आज शिव्या देतो, पण चष्म्याच्या बाबतीत त्याने प्राण्यांचे जीव वाचवले, हेही खरे आहे. जुन्या बाजारात खऱ्या कवचाची फ्रेम कुणी दाखवली तर घेऊ नका. या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

अॅसिटेट हे अर्धे वनस्पतीचेच लेकरू आहे. कापसाच्या सरकीवर उरलेले आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेऊन त्यावर अॅसेटिक आम्लाची प्रक्रिया करतात. मात्र नुसते अॅसिटेट ठिसूळ असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात मऊ करणारे रसायन मिसळतात. हे रसायन बराच काळ फ्थॅलेट गटातले असे आणि ते खनिज तेलापासून येते. ‘बायो अॅसिटेट’ म्हणजे हे रसायन बदलून वनस्पतीजन्य रसायन वापरलेले अॅसिटेट. इटलीतल्या मात्झुकेल्ली या १८४९ पासूनच्या कंपनीने असे अॅसिटेट बाजारात आणले आणि आता इतरही बनवतात. ही सुधारणा खरी आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही.

पण ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. त्यासाठीची एक प्रमाणित चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या नियंत्रित खतप्रक्रियेत होते. कपाटाच्या खणात, उकिरड्यावर किंवा देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात तसे वातावरण नसते. शिवाय फ्रेमच्या काडीत धातूची तार असते, बिजागऱ्या असतात, स्क्रू असतात. ते काढल्याशिवाय फ्रेमचे खत होणार नाही. आपल्या शहरांत चष्मे गोळा करून खत बनवणारी व्यवस्था नाही. तेव्हा बायो अॅसिटेट घेतले तर खनिज तेल थोडे कमी वापरले म्हणून घ्या. ते पुढे मातीत विरून जाईल या भरवशावर घेऊ नका.

अॅसिटेटची फ्रेम जाड पाटीतून कोरून काढतात. खिडकीची चौकट कापावी तसे मधले दोन मोठे गोल वाया जातात. हा उरलेला चुरा काही कारखाने पुन्हा वापरतात, काही नाही. उलट साच्यात ओतून बनवलेल्या फ्रेममध्ये असा कचरा बराच कमी होतो. आपल्याकडे ‘टीआर-९०’ म्हणून मिळणारी हलकी, वाकवली तरी न तुटणारी फ्रेम अशीच साच्यातली असते. ते नायलॉनच्या जातीचे प्लास्टिक आहे. स्वस्त दुकानांत कुठल्याही प्लास्टिकला टीआर म्हणतात, तो भाग वेगळा. नायलॉनचाच एक प्रकार एरंडेल तेलापासून बनतो. जगात सर्वाधिक एरंड भारतात पिकतो आणि त्यातला बहुतांश गुजरातमध्ये. म्हणजे परदेशी ब्रँडच्या ‘प्लांट बेस्ड’ फ्रेमच्या मुळाशी गुजरातच्या शेतकऱ्याची एरंडी असू शकते. बऱ्याच वेळा त्या फ्रेममध्ये एरंडाचा वाटा अर्धासुद्धा नसतो. लेबलवर टक्केवारी दिली आहे का, हे पाहावे.

समुद्रातल्या जाळ्यांपासून बनवलेल्या फ्रेमाही मिळतात. टाकून दिलेली मासेमारीची जाळी नायलॉनची असतात, ती वितळवून पुन्हा नायलॉन करतात. काम चांगले आहे. पण एका फ्रेममध्ये जाळ्याचे किती ग्रॅम जातात, हे लक्षात घेतले तर जाहिरातीतल्या व्हेलमाशाच्या चित्राचे ओझे थोडे कमी वाटेल.

आता धातू. माझ्या मते सामान्य माणसासाठी साधी स्टेनलेस स्टीलची फ्रेम हा सर्वांत समंजस पर्याय आहे आणि तिच्यावर कुणी हिरवे पान छापत नाही. ती टिकते. तिचे स्क्रू, नाकाच्या गाद्या आणि काडीची टोके गल्लीतल्या दुकानातही बदलून मिळतात. वाकली तर सरळ करता येते, तुटली तर कारागीर डाग देऊन जोडू शकतो. शेवटी भिंगे काढून भंगारात टाकली तर स्टील म्हणून वितळतेही. स्वस्त धातूच्या फ्रेमा मात्र बऱ्याचदा निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. घामाने त्यांचा मुलामा जातो, नाकाजवळ हिरवट मळ साचतो आणि काहींना त्वचेवर पुरळ उठते. अशी अॅलर्जी असेल त्याने टायटॅनियम घ्यावे. टायटॅनियम हलके, न गंजणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे असते. पण खनिजापासून धातू काढायला प्रचंड ऊर्जा लागते. त्याचे एक खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. वाळू उपसण्याची किंमत काय असते, हे किनाऱ्यावरच्या गावांना सांगायला नको. टायटॅनियमची फ्रेम घ्यायची तर दहा-बारा वर्षे वापरायची तयारी ठेवून घ्यावी.

बांबू आणि लाकडाच्या फ्रेमा दिसायला छान असतात. पण त्यावर रोगण असते, थर डिंकाने किंवा रसायनाने चिकटवलेले असतात आणि बिजागऱ्या धातूच्याच असतात. मुख्य अडचण फिटिंगची. अॅसिटेटची काडी गरम करून कानामागे हवी तशी वळवता येते, लाकडाची येत नाही. आपल्या पावसाळ्यात आणि घामात ती किती टिकेल, याचा दुकानदाराला विचारूनच निर्णय घ्यावा. न बसणारा चष्मा माणूस वापरत नाही आणि खणात पडून राहिलेली फ्रेम बांबूची असली तरी तो कचराच.

लेबल आणि कायदा

ग्राहकाच्या हातात याबाबत आता थोडे बळ आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’, ‘नॅचरल’ असले मोघम शब्द आता पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एका भागाबद्दल आहे, बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हे कंपनीने सांगितले पाहिजे. चष्म्यात ही फोड फार महत्त्वाची आहे. ‘इको’ हा शब्द फ्रेमला लागू आहे की त्या कापडी पिशवीला? भिंगांना तर नक्कीच नाही. विचारा. उत्तर मिळाले नाही तर जादा पैसे देऊ नका. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

त्याहून मोठी फसगत लेबलची नसून योजनांची आहे. ‘एकावर एक मोफत’. गरज एका चष्म्याची असते आणि घरी दोन येतात. दुसरा चष्मा हरवला तर उपयोगी पडेल म्हणून ठेवतो, वर्षभरात नंबर बदलतो आणि तो डबीतच जुना होतो. ज्याचा नंबर मोठा आहे, ज्याचे चष्म्यावाचून पाऊल पडत नाही, त्याने जादा चष्मा जरूर ठेवावा. इतरांनी दुसरा नको म्हणून किंमत कमी करून मागावी. प्रत्येक वेळी मिळत नाही, पण मागितल्याशिवाय तर कधीच मिळत नाही.

जुनी फ्रेम, नवी भिंगे

पर्यावरणपूरक चष्मा बहुतेक वेळा तुमच्या नाकावर आधीच असतो. नंबर बदलला म्हणून फ्रेम बदलायची गरज नसते. डोळे तपासून कागद घ्या, जुनी फ्रेम दुकानात न्या आणि ‘यातच नवी भिंगे बसवून द्या’ असे सांगा. काही दुकानदार कुरकुर करतात. ‘जुनी आहे, तुटली तर जबाबदारी तुमची’ म्हणतात. त्यांचे अगदीच चूक नाही. अॅसिटेट जुने झाले की त्यातले मऊ करणारे रसायन निघून जाते, फ्रेम पांढुरकी आणि ठिसूळ होते. तशी फ्रेम सोडून द्यावी. पण धातूची किंवा बऱ्या स्थितीतली फ्रेम नाकारत असतील तर दुसरे दुकान गाठा. गल्लीतला जुना चष्मेवाला हे काम आनंदाने करतो, कारण त्याचे पोट त्यावरच आहे.

वस्तू शेवटपर्यंत वापरण्याचा विचार आपल्या वाचकांना नवा नाही. विनयपिटकात आनंद आणि राजा उदयन यांचा प्रसंग आहे. इतकी चीवरे घेऊन तुम्ही काय करणार, असे राजा विचारतो. जुनी चीवरे अंथरुणावरची आच्छादने होतात, ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरण, पाय पुसणे, धूळ झटकायचे फडके आणि अखेरीस तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवायला, अशी उतरंड आनंद सांगतात. चष्म्याची उतरंड एवढी लांब होत नाही. पण दूरचा जुना नंबर घरात टीव्हीपुरता, तुटलेल्या काडीचा चष्मा डबीत सुट्या भागांसाठी, एवढे तरी होतेच.

भिंगे टिकवणे आपल्या हातात आहे. कोरड्या सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय सर्वांत वाईट. धुळीचे कण भिंगावर घासले जातात आणि ओरखडे पडतात. आधी नळाखाली धरावे, बोटाने साबणाचा थेंब फिरवावा, धुवावे आणि मऊ सुती फडक्याने टिपावे. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे चष्मा ठेवू नये, उष्णतेने भिंगावरच्या थराला तडे जातात. नखांचा रंग काढायचे अॅसिटोन शेल फ्रेमजवळ नेऊच नये. ती त्यात अक्षरशः विरघळते. चष्मा एका हाताने ओढून काढला की बिजागरी सैल होते, दोन्ही हातांनी काढावा. स्क्रू सैल झाला की त्याच आठवड्यात आवळून घ्यावा. एवढे केले तर साधा चष्माही बरीच वर्षे जातो.

चष्म्याला पर्याय म्हणून रोज बदलायच्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी निदान त्या बेसिनमध्ये टाकू नयेत. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या पाहणीत १५ ते २० टक्के वापरणारे त्या बेसिन किंवा संडासात टाकतात असे आढळले होते. तिथून त्यांचे बारीक तुकडे होऊन पाण्यात जातात.

जुने चष्मे गोळा करताना

जयंतीच्या निमित्ताने आपल्या विहारांतून, वस्त्यांतून नेत्रतपासणी शिबिरे होतात. त्यासोबत ‘जुने चष्मे दान करा’ अशी आवाहनेही निघतात. भावना चांगली आहे, पण अनुभव काय सांगतो ते पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दान आलेले २७५ चष्मे तपासले. पुन्हा देण्याजोगे निघाले फक्त ७ टक्के. बाकीचे ओरखडलेले, तुटलेले किंवा कुणालाच न जुळणाऱ्या नंबरचे होते. ते गोळा करणे, धुणे, नंबर मोजणे, वर्गवारी करणे आणि पोहोचवणे यांचा खर्च धरला, तर नवा तयार चष्मा देणेच स्वस्त पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असतो, तिरका नंबर असतो, डोळ्यांमधले अंतर वेगळे असते. दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा लावून डोके दुखले की ती आजी चष्माच लावणे सोडते.

शिबिर घेणाऱ्यांना यातून दोन-तीन गोष्टी करता येतील. ज्यांची फक्त चाळिशी आहे आणि दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर लागतो, त्यांना तपासणी करून नवे तयार चष्मे तिथल्या तिथे द्यावेत. ते स्वस्त असतात आणि वाया जात नाहीत. गोळा करायच्याच असतील तर फक्त धातूच्या चांगल्या फ्रेमा घ्याव्यात आणि स्थानिक चष्मेवाल्याशी बोलून त्यांत प्रत्येकाच्या नंबराची नवी भिंगे बसवून द्यावीत. शिबिरात एक टेबल दुरुस्तीसाठी ठेवावे. लहान स्क्रूड्रायव्हर, स्क्रूंची डबी, नाकाच्या गाद्या आणि तास-दोन तास बसणारा कारागीर एवढे पुरते. दोरा बांधून किंवा चिकटपट्टी लावून चष्मा वापरणारे किती लोक येतात, ते मोजून पाहा.

जर्मनीतल्या मार्टिन आउफमुथ या शिक्षकाने काढलेला मार्ग इथे पाहण्यासारखा आहे. त्यांनी स्प्रिंग स्टीलच्या तारेची फ्रेम एका साध्या हातयंत्रावर वाकवून बनवायची पद्धत काढली. साहित्याचा खर्च सुमारे एक डॉलर. यंत्राला वीज लागत नाही, गावातली मुले-मुली काही दिवसांत शिकतात आणि तयार भिंगे हातानेच बसवतात. ही फ्रेम तुटली तर तिथेच दुरुस्त होते. तिच्यावर ‘इको’ लिहिलेले नाही.

शाळेतल्या मुलांसाठी तर आधी सरकारी दार ठोठवावे. अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शाळेतच तपासणी करून नंबर निघालेल्या मुलांना मोफत चष्मा देण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन आपल्या शाळेची तपासणी कधी झाली, किती मुलांचे नंबर निघाले आणि त्यातल्या किती जणांच्या हातात चष्मा पडला, एवढी माहिती मागितली तरी काम हलते. मिळालेल्या चष्म्याची फ्रेम मुलाला नीट बसते का आणि तो चष्मा वर्गात लावतो का, हे पाहण्याचे काम मात्र पालकांचे आणि शिक्षकांचे आहे.